दार्गोची वाट

रशियन सेनापती म्हटला की आपल्याकडच्या वाचणाऱ्या माणसाला पहिला आठवतो तो कुतुझोव्ह. तो टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’मुळे घरोघरी पोहोचला. एक डोळा गेलेला, स्थूल, झोपाळू दिसणारा आणि नेपोलियनला पुरून उरलेला म्हातारा. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो त्याच युद्धात लढला, त्याच रणभूमीवर जखमी झाला. पण त्याचं नाव आपल्या कानावर फारसं येत नाही. मिखाईल सेम्योनोविच व्होरोन्त्सोव्ह. जन्माने काउंट, पुढे प्रिन्स आणि अखेरीस फील्ड मार्शल.

या माणसाकडे मी वळलो तो एका प्रश्नामुळे. घायाळ शिपायांसाठी ज्याने आपलं घर रिकामं केलं, फटक्यांच्या शिक्षेला ज्याने लगाम घातला, त्याच माणसाने पुढे हजारो शिपायांना एका अशा जंगलात नेलं की ज्यातून ते धड परतणार नाहीत, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. आणि त्याला तर ते पुरतं कळत होतं.

व्होरोन्त्सोव्ह घराणं रशियातल्या बड्या उमरावांपैकी एक. मिखाईलचा जन्म १७८२चा. वडील सेम्योन व्होरोन्त्सोव्ह हे १७८५ पासून लंडनमध्ये रशियाचे राजदूत होते, त्यामुळे मुलाचं सगळं बालपण इंग्लंडमध्ये गेलं. सेम्योन दरबारी कारस्थानांना विटलेला माणूस होता. त्याने मुलाला इंग्रजी रीतीने वाढवलं. त्या काळच्या उमरावांच्या रिवाजाप्रमाणे पोराचं नाव मात्र पाळण्यात असल्यासारखंच पलटणीच्या पटावर चढलं होतं. पुढे दरबारातला हुद्दाही मिळाला. त्या हुद्द्याच्या जोरावर तो सैन्यात एकदम जनरल म्हणून शिरू शकला असता. १८०१ मध्ये तो रशियात परतला, आणि त्याने साध्या लेफ्टनंटपदावरून सुरुवात करणं पसंत केलं. एवढ्यावर न थांबता त्याने लढाई चालू होती तिथे, म्हणजे कॉकेशसमध्ये, पाठवणी मागून घेतली.

कॉकेशस म्हणजे काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्यामधला डोंगराळ पट्टा. दक्षिणेला जॉर्जिया, अझरबैजान. उत्तर उतारावर चेचन्या आणि दागेस्तान. रशियाने १८०१ मध्ये जॉर्जिया आपल्या राज्याला जोडला होता आणि आता तिथे पाय रोवायचं काम चालू होतं. गांजा या किल्ल्याला वेढा पडला असताना कोत्ल्यारेव्स्की नावाचा तरुण अधिकारी जखमी होऊन पडला. त्याला उचलून आणायला व्होरोन्त्सोव्ह आणि एक शिपाई धावले. शिपाई गोळी लागून जागीच मेला. कोत्ल्यारेव्स्की वाचला आणि पुढे मोठा सेनापती झाला. नामांकित माणसांच्या चरित्रात असे प्रसंग हटकून असतात. माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते त्यानंतर काही आठवड्यांतच घडलेलं.

जानेवारी १८०४. जनरल गुल्याकोव्ह हा शूर पण उतावळा सेनानी आपली फौज घेऊन झाकाताला इथल्या खिंडीत घुसला. वाट अरुंद, दोन्ही अंगांना जंगल आणि कडे. बिनीची तुकडी आत शिरल्यावर झाडीतून गोळीबार सुरू झाला. गुल्याकोव्ह पहिल्याच झटक्यात पडला. पुढचे लोक मागे वळले, मागचे पुढे येत होते, आणि त्या रेटारेटीत माणसं कड्यावरून खाली कोसळली. कोसळणाऱ्यांमध्ये एकवीस वर्षांचा व्होरोन्त्सोव्हही होता. तो खरचटून, ठेचकाळून वाचला. डोंगरी जंगलातल्या चिंचोळ्या वाटेवर लांबलचक फौज अडकली की तिचं काय होतं, हे त्याने अशा रीतीने अंगावर शिकून घेतलं. आपल्या गनिमी काव्याची परंपरा माहीत असलेल्या श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही. झाकातालाचं नाव मात्र ध्यानात ठेवा. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

नंतरची आठ वर्षं मी भराभर ओलांडतो. नेपोलियनशी पोलंड-प्रशियात, तुर्कांशी डॅन्यूबच्या काठी, अशा लढाया करत तो वर चढला आणि १८१२ मध्ये नेपोलियन रशियात घुसला तेव्हा तिशीतला व्होरोन्त्सोव्ह बाग्रातिओनच्या सैन्यात ग्रेनेडियर शिपायांच्या एका डिव्हिजनचा प्रमुख होता.

७ सप्टेंबर १८१२ रोजी मॉस्कोच्या अलीकडे बोरोदिनो इथे लढाई झाली. रशियन सैन्याच्या डाव्या बगलेला, सेम्योनोव्स्कोये गावापुढे, बाणाच्या टोकाच्या आकाराचे मातीचे बुरूज घाईघाईने उभे केले होते. ते सांभाळायचं काम व्होरोन्त्सोव्हच्या डिव्हिजनकडे होतं. सकाळी नेपोलियनने आपला पहिला मोठा मारा तिथेच केला. बुरूज हातचे गेले, परत घेतले, पुन्हा गेले. संगिनींची झटापट चालू असताना व्होरोन्त्सोव्ह मांडीला जखम होऊन पडला आणि त्याला मागे नेण्यात आलं. सकाळी या डिव्हिजनमध्ये सुमारे चार हजार माणसं होती. दुपारी तीनशेच्या आसपास उरली. माझी डिव्हिजन रणांगणातून नाहीशी झाली नाही, रणांगणावर नाहीशी झाली, अशा अर्थाचं त्याचं बोलणं पुढे प्रसिद्ध झालं. त्यात थोडी ऐट आहे. पण चार हजारांतले तीनशे उरलेले ज्याने मोजले, त्याला तेवढी ऐट माफ करायला हवी.

त्यानंतर जे घडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मॉस्को सोडायची वेळ आली होती. व्होरोन्त्सोव्हांच्या मॉस्कोतल्या वाड्यासमोर त्यांच्या जमीनदारीतून आलेल्या सुमारे शंभर गाड्या उभ्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्यांची चित्रं, ग्रंथसंग्रह, सामानसुमान हलवायला त्या आल्या होत्या. जखमी मालक वाड्यावर पोहोचला आणि त्याने हुकूम केला की सामान राहू द्या, गाड्यांत घायाळ माणसं घाला. त्या गाड्या व्लादिमीर प्रांतातल्या आंद्रेयेव्स्कोये या त्याच्या गावी गेल्या. तिथे पन्नासेक अधिकारी आणि तीनशेंहून अधिक शिपाई त्याच्या खर्चाने बरे झाले. बरा होऊन निघणाऱ्या प्रत्येक शिपायाला कपडे, मेंढीच्या कातड्याचा कोट आणि दहा रूबल मिळत. ‘वॉर अँड पीस’ वाचलेल्यांना इथे रोस्तोव्ह कुटुंबाच्या गाड्या आठवतील. कादंबरीतला तो प्रसंग अगदी हवेतून आलेला नाही, एवढं खरं.

१८१४ मध्ये फ्रान्सच्या भूमीवर क्राओन इथे त्याची गाठ थेट नेपोलियनशी पडली. संख्येने कमी असताना दिवसभर पठार धरून ठेवायचं आणि मग शिस्तीत माघार घ्यायची, असं हे काम होतं. ते त्याने चोख केलं. चढाईपेक्षा शिस्तबद्ध माघार अवघड असते, असं लष्करातली मंडळी सांगतात. पुढच्या कथेसाठी हेही ध्यानात असू द्या.

नेपोलियनचा पाडाव झाल्यावर दोस्तराष्ट्रांनी फ्रान्समध्ये ताबा-फौज ठेवली. तिच्यातल्या रशियन कोअरचा प्रमुख व्होरोन्त्सोव्ह होता. १८१५ ते १८१८ त्याचं ठाणं मोबझ गावी होतं. मला स्वतःला त्याच्या कारकिर्दीतली हीच तीन वर्षं सर्वांत आवडतात, जरी त्यांत एकही लढाई नाही. रशियन शिपाई म्हणजे बहुतेक भूदासांतून उचललेला शेतकरी. त्याची नोकरी पंचवीस वर्षांची. घर सुटलं ते सुटलंच. त्याला माणसात ठेवायचं साधन म्हणजे छडी. व्होरोन्त्सोव्हने छडीवर मर्यादा घातल्या. ज्या शिपायाला आजवर फटके बसलेले नाहीत त्याला ते सहजासहजी बसू नयेत, अशी त्याची भूमिका होती. शिपायांना अक्षरओळख व्हावी म्हणून त्याने लँकेस्टर पद्धतीच्या शाळा काढल्या. पुढच्या विद्यार्थ्याने मागच्याला शिकवायचं, अशी ही इंग्लंडमधली पद्धत. तिची सख्खी बहीण शोभावी अशी अँड्र्यू बेलची पद्धत आपल्या मद्रासेत जन्मली होती, हे जाता जाता सांगतो.

फ्रान्स सोडताना आणखी एक गोष्ट झाली. रशियन अधिकाऱ्यांनी तिथल्या दुकानदारांची, सावकारांची भरपूर उधारी करून ठेवली होती. व्होरोन्त्सोव्हने ती सगळी, सुमारे पंधरा लाख रूबल, स्वतःच्या खिशातून फेडली. त्यासाठी त्याला आत्याकडून वारशाने मिळालेली क्रुग्लोये ही जमीनदारी विकावी लागली. ही आत्या म्हणजे कॅथरीन महाराणीची सहकारी, रशियन अकादमीची प्रमुख राहिलेली प्रसिद्ध राजकन्या दाश्कोवा. पीटर्सबर्गमध्ये मात्र या कोअरकडे संशयाने पाहिलं जाई. वाचता येणारे आणि फटके न खाणारे शिपाई हे कुठल्याच सम्राटाला सुखाने झोपू देत नाहीत. परतल्यावर कोअर मोडून टाकण्यात आला.

१८२३ मध्ये त्याला काळ्या समुद्राकाठच्या नव्या प्रांताचा गव्हर्नर-जनरल नेमलं, आणि ओडेसा शहर त्याच्या हाताखाली भरभराटलं. कवी पुश्किन तिथे त्याच्याच कचेरीत शिक्षेवर आलेला होता. व्होरोन्त्सोव्हने त्याला टोळांची पाहणी करायला पाठवलं आणि पुश्किनने चार ओळींत साहेबांची अशी रेवडी उडवली की रशियात शाळकरी मुलांना व्होरोन्त्सोव्ह माहीत असतो तो त्या चार ओळींमुळे. सेनापतींनी कवींशी जपून वागावं. १८२८ मध्ये तुर्कांशी युद्ध चालू असताना वार्नाचा वेढा चालवणारा मेन्शिकोव्ह जखमी झाला. त्याच्या जागी व्होरोन्त्सोव्ह गेला आणि ऑक्टोबरमध्ये किल्ला पडला. सम्राट पहिला निकोलस त्या वेळी जातीने हजर होता. त्याने व्होरोन्त्सोव्हला सोन्याच्या मुठीची तलवार दिली. सम्राटाचा विश्वास बसला तो तेव्हापासून. तो विश्वासच सोळा वर्षांनी महागात पडला.

कॉकेशसमध्ये तोवर चित्र पालटलं होतं. १८३४ पासून शामिल हा दागेस्तान आणि चेचन्याच्या डोंगरी लोकांचा इमाम होता. त्याने विखुरलेल्या जमातींची एक राजवट उभी केली होती. १८३९ मध्ये रशियनांनी त्याचा अखुल्गो हा डोंगरी किल्ला घेतला, पण शामिल निसटला आणि चेचन्याच्या दाट बीचवृक्षांच्या अरण्यात दार्गो या गावी त्याने नवं ठाणं केलं. १८४२ मध्ये जनरल ग्राब्बे दार्गो घ्यायला निघाला, आणि सतराशेंहून अधिक माणसं गमावून अर्ध्या वाटेवरून परतला.

अशा वेळी, १८४४ च्या अखेरीस, निकोलसने बासष्ट वर्षांच्या व्होरोन्त्सोव्हला कॉकेशसचा व्हाइसरॉय आणि सरसेनापती नेमलं. अधिकार अमर्याद, पण सोबत पीटर्सबर्गमध्ये नकाशावर आखलेली एक योजना होती. डोंगरात खोल घुसा, दार्गो घ्या, शामिलला एका फटक्यात संपवा, आणि तेही याच वर्षी. तिथे वर्षानुवर्षं काढलेल्या अनुभवी अधिकाऱ्यांना ही योजना पटत नव्हती. व्होरोन्त्सोव्हने स्वतः युद्धमंत्र्याला लिहिलेल्या पत्रात मोठ्या यशाची आशा आपण धरत नसल्याचं सूचित केलं, आणि सम्राटाची इच्छा पुरी करण्यासाठी शक्य ते सर्व करू, असं आश्वासनही दिलं.

हे पत्र वाचताना मी थांबतो. झाकातालाच्या कड्यावरून पडलेला तरुण तो हाच. ग्राब्बेचं काय झालं ते त्याला ठाऊक होतं. पैशाची, पदाची, नावाची त्याला ददात नव्हती. नाही म्हणाला असता तर ओडेसाला परतून सुखाने राहिला असता. तरी तो नाही म्हणाला नाही. त्याचे चरित्रकार याला कर्तव्यनिष्ठा म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. फटके कमी करायला, कर्ज फेडायला लागतं ते मनाचं मोठेपण. आपल्याला मानणाऱ्या सम्राटाला तोंडावर ‘हे होणार नाही’ म्हणायला वेगळंच काही लागतं, आणि ते या उमद्या माणसाकडे नव्हतं.

१८४५ च्या मे महिन्याच्या अखेरीस, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे, फौज निघाली. जूनमध्ये डोंगरमाथ्यावर बर्फाने गाठलं. पुढे गेलेल्या पासेकच्या तुकडीतल्या शेकडो शिपायांचे हातपाय हिमदंशाने गेले, घोडे मेले. आंदी गाव घेतलं तर ते शामिलने आधीच जाळलेलं. तिथे फौज तीन आठवडे रसदीची वाट बघत बसली. अखेर ६ जुलैला सुमारे दहा हजार माणसं दार्गोकडे उतरली. वाट एका चिंचोळ्या धारेवरून, दोन्हीकडे जंगलाने भरलेल्या घळी, आणि वाटेवर दर थोड्या अंतरावर तोडून आडवी टाकलेली मोठमोठी झाडं. प्रत्येक अडसरामागे बंदुका होत्या. जनरल फोक तिथे पडला. रात्री फौज दार्गोला पोहोचली तेव्हा गाव जळत होतं. शामिलने तेही स्वतःच्या हाताने पेटवून दिलं होतं. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप, ते राखेचं गाव हाती आलं.

फौजेजवळ चार दिवसांचंही धड अन्न नव्हतं. रसदीचा तांडा जंगलाच्या पलीकडच्या टोकाला येऊन थांबला होता. तेव्हा ठरलं की अर्ध्या फौजेने त्याच वाटेने मागे जायचं आणि अन्न घेऊन यायचं. १० जुलैला लोक गेले, ११ला परतले. शामिलच्या माणसांनी अडसर पुन्हा उभे केले होते. पाऊस पडून वाटेचा चिखल झाला होता. जनरल पासेक आणि जनरल विक्तोरोव्ह दोघेही मेले. मृत आणि जखमी मिळून तेराशेंच्या आसपास माणसं गेली. अन्न जवळजवळ काहीच पोहोचलं नाही. रशियन शिपाई मोहिमेवर कडक वाळवलेला पाव नेतो, त्याला सुखारी म्हणतात. या दोन दिवसांना शिपायांनी नाव दिलं ‘सुखारी मोहीम’. वाळक्या पावासाठी मेलेल्या सोबत्यांचं याहून कडवट स्मारक दुसरं कुठलं झालं नाही.

१३ जुलैला परतीचा प्रवास सुरू झाला, मागे नव्हे तर पुढे, आक्साय नदीच्या खोऱ्याने गेर्झेल ठाण्याकडे. अंतर चाळीसेक किलोमीटर. आपल्याकडे धडधाकट माणूस दोन दिवसांत चालून जाईल. त्यांना आठवडा लागला. सगळ्या बाजूंनी जंगल, मध्ये जखमींची रांग, आणि पिछाडीवर अखंड मारा. क्राओनची माघार सांभाळणारा सेनापती इथे असहाय होता, कारण इथे शत्रू दिसतच नव्हता. १६ जुलैला फौज एका ओसाड गावाजवळ थांबली ती थांबलीच. जखमी इतके झाले की त्यांना वाहून नेणारे आणि लढणारे असे दोन वेगळे वर्ग करायला माणसं पुरेनात. दारूगोळा आणि अन्न संपत आलं होतं. व्होरोन्त्सोव्हने वेगवेगळ्या वाटांनी निरोप्ये धाडले. ग्रोझ्नीच्या ठाण्यावर जनरल फ्रायटाग होता. अशी वेळ येणार हे त्याने ताडलं होतं आणि फौज जमवायला आधीच सुरुवात केली होती. तो दोन दिवसांत धावून आला आणि उरलेले सुटले. सगळ्या मोहिमेचा हिशोब असा : तीन सेनापती ठार, मृत-जखमी-बेपत्ता मिळून दोनशेच्या आसपास अधिकारी आणि साडेतीन हजारांच्या आसपास शिपाई.

सरकारी कागदांत दार्गोचा विजय झाला. निकोलसने व्होरोन्त्सोव्हला याच वर्षी प्रिन्स ही पदवी दिली.

एक मात्र त्याच्या बाजूने सांगायला हवं. सम्राटाला पहिल्या वर्षी नाही म्हणता आलं नाही, पण त्यानंतर त्याने असली मोहीम पुन्हा केली नाही. आता हत्यार बंदुकीपेक्षा कुऱ्हाड होतं. वाटेच्या दोन्ही अंगांना बंदुकीच्या टप्प्याएवढं जंगल तोडायचं, रस्ता करायचा, ठाणं बसवायचं, मग पुढे जायचं. रशियन शिपाई यामुळे कमी मेले. चेचन माणसाच्या बाजूने पाहिलं तर त्याचं अरण्य, त्याची शेतं आणि त्याची गावं एकेक करून गेली. व्होरोन्त्सोव्हच्या दयेची हद्द आपल्या पलटणीच्या कुंपणापाशी संपत होती. त्या काळच्या कुठल्याही साम्राज्याच्या सेनापतीबद्दल हेच म्हणता येईल, पण म्हणून ते सांगायचं टाळू नये. याच धोरणाने त्याचा शिष्य बार्यातिन्स्की याने १८५९ मध्ये गुनीब इथे शामिलला शरण आणलं. ते बघायला व्होरोन्त्सोव्ह उरला नव्हता. क्रिमियाचं युद्ध पेटलं तेव्हा म्हातारा, आजारी व्होरोन्त्सोव्ह १८५४ मध्ये नोकरीतून बाजूला झाला. त्या युद्धात त्याच्या लंडनमधल्या बहिणीचा मुलगा सिडनी हर्बर्ट ब्रिटिश सरकारात युद्धखात्याचा कारभार बघत होता. फ्लोरेन्स नाइटिंगेलला जखमींच्या शुश्रूषेसाठी धाडणारा तो हाच. १८५६ मध्ये व्होरोन्त्सोव्ह फील्ड मार्शल झाला आणि त्याच वर्षी ओडेसात वारला.

१८५१ च्या अखेरीस, शामिलचा सरदार हाजी मुराद रशियनांना येऊन मिळाला आणि तिफ्लिसला व्होरोन्त्सोव्हच्या दरबारी आला, तेव्हा त्या शहरात तेवीस वर्षांचा एक तरुण सैन्यात भरती होण्याची खटपट करत होता. त्याचं नाव लेव्ह टॉलस्टॉय. अर्धशतकानंतर त्याने ‘हाजी मुराद’ ही कादंबरी लिहिली. ती छापून आली १९१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर. तीत व्होरोन्त्सोव्हच्या घरच्या मेजवानीचा प्रसंग आहे. यजमान खुशीत आहे. पाहुणे हाजी मुरादविषयी बोलत आहेत. तेवढ्यात एक शूर, सरळमार्गी जनरल भाबडेपणाने सांगू लागतो की आपली गाठ त्याच्याशी पूर्वी पडली होती, दार्गोला, त्या सुटकेच्या वेळी. ‘सुटका’ हा शब्द ऐकून सगळे एकमेकांकडे बघतात. फ्रायटाग आला नसता तर यजमानासकट सगळी फौज तिथेच राहिली असती, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असतं. आणि सरकारी अहवालात तो विजय आहे, हेही. जनरलच्या काही लक्षात येत नाही. मग जेवायला बसलेली एक चतुर बाई त्याला मध्येच थांबवून विचारते, तिफ्लिसमध्ये तुमची राहण्याची सोय नीट झाली आहे ना?